पिस्तुलं कमरेला, दार पाठीशी

कुठल्याही वेस्टर्न सिनेमाचा शेवट डोळ्यांसमोर आणा. धुळीचा रस्ता, समोरासमोर दोन माणसं, मांडीपर्यंत लोंबणारं होल्स्टर, त्याची वादी मांडीला करकचून बांधलेली आणि वर वळवळणारी बोटं. जो आधी उपसेल तो जिंकला. ‘रेड डेड रिडेम्प्शन टू’पायी ज्यांनी अख्ख्या सेमिस्टरचा बळी दिलाय, त्यांना तर हा सीन झोपेतही दिसत असेल. आता गंमत बघा. हा सीन ज्या खऱ्या माणसाच्या खऱ्या संध्याकाळीवरून सुरू झाला, त्याच्या कमरेला असलं होल्स्टर नव्हतंच. आणि त्या संध्याकाळी आधी कोणी उपसली, याला फारसं महत्त्वही नव्हतं.

त्याचं नाव जेम्स बटलर हिकॉक. जग त्याला वाइल्ड बिल म्हणतं.

तो आज आठवण्याचं कारण एक खेळ आहे. अमेरिकेत ‘काउबॉय ॲक्शन शूटिंग’ नावाचा नेमबाजीचा प्रकार चालतो. १९८७ मध्ये स्थापन झालेली सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी त्याचे नियम ठरवते. खेळाडूनं एकोणिसाव्या शतकातल्या धाटणीचे कपडे घालायचे, स्वतःला एक टोपणनाव घ्यायचं, आणि दोन सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हर ॲक्शन रायफल आणि एक शॉटगन घेऊन पोलादी पत्र्यांवर नेम धरायचा. सिंगल ॲक्शन म्हणजे प्रत्येक गोळीआधी घोडा अंगठ्यानं मागे ओढायला लागतो. वेळ सेकंदांत मोजतात आणि चुकलेल्या प्रत्येक नेमाला ५ सेकंदांचा दंड.

या खेळात नव्यानं येणारा माणूस बंदुकांनंतर सगळ्यात जास्त डोकं खाजवतो ते होल्स्टर आणि पट्ट्यावर. या जोडीला तिकडे ‘रिग’ म्हणतात. बहुतेक जण ती सिनेमा बघून निवडतात आणि नंतर कपाळाला हात लावतात. आपल्याकडे हा खेळ नाही, मान्य. पण कॉमिक कॉनला आर्थर मॉर्गन बनून जायचं असेल, उद्या शिकायला ॲरिझोना-टेक्सासला गेल्यावर एखादी मॅच बघायला उभं राहायचं असेल, किंवा नुसतंच सिनेमा बघताना शेजारच्याला पकवायचं असेल, तर हे माहीत असलेलं बरं. आणि चांगली रिग म्हणजे काय हे समजायला मला तरी वाइल्ड बिलच्या आयुष्याइतकं चांगलं गाइड दुसरं दिसत नाही.

तर हा हिकॉक जन्मला २७ मे १८३७ रोजी, इलिनॉय राज्यातल्या एका खेड्यात. तेव्हाचं नाव होमर, आजचं ट्रॉय ग्रोव्ह. घर शेतकऱ्याचं, गुलामगिरीच्या विरोधातलं. पोरगा शेतीपेक्षा नेमबाजीत रमायचा. अठरा-एकोणीस वर्षांचा झाल्यावर, म्हणजे तुम्ही एफवायला असता त्या वयात, तो कॅन्ससला निघाला. तिथे त्यानं मिळेल ते केलं. मालगाड्या हाकल्या, एका छोट्या वस्तीत कॉन्स्टेबल झाला.

१२ जुलै १८६१ ला नेब्रास्कातल्या रॉक क्रीक स्टेशनवर पैशांच्या वादातून गोळीबार झाला आणि डेव्हिड मॅकॅन्लेससह तिघे मेले. नेमकं कोणाच्या गोळीनं कोण मेलं यावर अभ्यासक आजही भांडतात. कोर्टानं स्वसंरक्षण मानून हिकॉक आणि त्याच्या साथीदारांना सोडून दिलं. पुढे यादवी युद्धात तो उत्तरेच्या बाजूनं गाड्या हाकणारा आणि टेहळ्या म्हणून राहिला.

आता त्याच्या कमरेकडे बघू.

त्याची आवडती बंदूक होती कोल्ट कंपनीची १८५१ ची नेव्ही रिव्हॉल्व्हर. एक नव्हे, जोडी, तीही हस्तिदंती मुठींची. .३६ कॅलिबर, सहा गोळ्या, साडेसात इंचांची नळी. एकीचं वजन जवळपास १२०० ग्रॅम. म्हणजे दोन्ही मिळून कमरेवर सुमारे अडीच किलो. दोन लिटरच्या पाण्याच्या बाटलीपेक्षा जास्त वजन दिवसभर पट्ट्यात खोचून चाला, मग कळेल की रिगमध्ये पहिला विचार होल्स्टरचा नसतो, पट्ट्याचा असतो.

ही जोडी तो कधी पट्ट्यात, कधी कमरेच्या रेशमी शेल्यात, कधी वरून उघड्या होल्स्टरमध्ये ठेवायचा. फोटोंमध्ये दिसतं की मुठी पुढच्या बाजूला वळलेल्या असायच्या. उपसताना मनगट उलटं फिरवायचं, मूठ पकडायची आणि बंदूक वर येतायेता सरळ करायची. आज हे उलटं वाटतं. पण साडेसात इंचांची नळी, घोड्यावरचं बसणं आणि सलूनमधलं टेबल, हे सगळं एकत्र आणा. अशी बंदूक मांडीवर खाली लटकवली तर बसताना टोचणार, घोडा दौडताना आपटणार. कमरेच्या हाडावर उंच आणि मूठ पुढे ठेवली की दोन्ही हातांना दोन्ही बंदुका मिळतात. मांडीला वादी बांधलेलं, लोंबतं होल्स्टर त्या काळात सहसा कोणी घालत नव्हतं.

शिवाय त्या काळात होल्स्टर ‘पटकन उपसण्यासाठी’ नसायचंच. लष्करी होल्स्टरवर तर चक्क झाकण असायचं. साध्या लोकांसाठी कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या शोधाच्या काळात एक सडपातळ, बंदुकीच्या आकारालाच चिकटलेलं होल्स्टर आलं. नंतर १८७० च्या दशकात मेक्सिकन लूप पद्धतीचं आलं. त्यात मागच्या रुंद चामड्याला चिरा पाडून होल्स्टरची पिशवी त्यातून ओवलेली असते. दोन्हींचं मुख्य काम एकच. बंदूक पडू द्यायची नाही, आणि ऊन-धूळ-पावसापासून सांभाळायची.

पडू द्यायची नाही हे किती महत्त्वाचं, याचा एक किस्सा वाइल्ड बिलचा नाही, वायट अर्पचा आहे. हो, तोच दंतकथेतला वायट अर्प. जानेवारी १८७६ मध्ये विचिटातल्या एका सलूनच्या मागच्या खोलीत तो खुर्चीत रेलून बसला होता. रिव्हॉल्व्हर होल्स्टरमधून घसरली, जमिनीवर पडली आणि उडाली. गोळी त्याच्याच कोटातून आरपार गेली. ही बातमी तिथल्या पेपरात छापून आली. बिचाऱ्याला आयुष्यभर हे कोणी आठवून दिलं असेल का, असा मला प्रश्न पडतो. आजच्या खेळात रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच काडतुसं भरतात आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवून ठेवतात, ते याच भीतीपोटी. भरलेली बंदूक हातातून किंवा होल्स्टरमधून पडली, तर खेळाडू पूर्ण मॅचमधून बाद.

म्हणून रिग बघायला गेलात की पहिली परीक्षा ही. रिकामी बंदूक होल्स्टरमध्ये ठेवून ते उलटं धरा. पडली तर ते होल्स्टर तिथेच ठेवून पुढे चला. मग भले त्यावर कितीही झकास नक्षी असो.

आता ती संध्याकाळ. २१ जुलै १८६५, स्प्रिंगफील्ड, मिसूरी. यादवी युद्ध नुकतंच संपलेलं. डेव्हिस टट नावाचा एक जुगारी आणि हिकॉक आधी मित्र, मग बिघडलेलं. पत्त्यांच्या उधारीवरून वाद झाला. टट म्हणत होता ३५ डॉलर, हिकॉक म्हणत होता २५. टटनं टेबलावरचं हिकॉकचं सोन्याचं घड्याळ उचललं. हिकॉकनं बजावलं होतं की ते घालून चौकात मिरवू नकोस. टट नेमका तेच घालून आला. फक्त दहा डॉलरचा फरक होता, पण चारचौघांत इज्जतीचा प्रश्न झाला की काय होतं ते कॉलेजच्या कट्ट्यावर बसणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

दोघांमधलं अंतर होतं सुमारे ७५ यार्ड. क्रिकेटचं पिच २२ यार्डांचं असतं. म्हणजे जवळपास साडेतीन पिचेस एकापुढे एक ठेवा, इतकं. दोघंही अंग तिरकं करून उभे राहिले, दोघांनीही जवळजवळ एकाच वेळी गोळी झाडली. टटचा नेम चुकला. हिकॉकची गोळी त्याच्या छातीत बरगड्यांमधून गेली. खटला चालला, ऑगस्टमध्ये ज्युरीनं हिकॉकला निर्दोष सोडलं.

या अंतरावर झटकन उपसण्याचा उपयोग शून्य. इथे स्थिर हात आणि शांत डोकं लागतं. आजच्या काउबॉय शूटिंगमध्ये पिस्तुलाची टार्गेट्स साधारण ७ ते १० यार्डांवर, म्हणजे खूपच जवळ असतात. तरीही तिथल्या मुरलेल्या खेळाडूंना विचाराल तर वेग उपसण्यात नसतो, तो पत्र्यांवरून पत्र्यांवर सरकण्यात आणि बंदूक न चाचपडता परत होल्स्टरमध्ये घालण्यात असतो. ‘परत घालणं’ हा शब्द लक्षात ठेवा. सिनेमातला हिरो गोळी झाडून झाली की बंदूक बोटावर फिरवतो. इथे पहिली रिव्हॉल्व्हर न बघता परत आत जायला हवी, मग दुसरी काढायची. म्हणजे होल्स्टरचं तोंड बंदूक बाहेर असतानाही उघडं राहिलं पाहिजे. मऊ, पातळ चामड्याचं तोंड मिटतं आणि मग खेळाडू तिथे एका हातानं खटपट करत सेकंद घालवत बसतो.

स्प्रिंगफील्डनंतर हिकॉकला भेटला एक लेखक, जॉर्ज वॉर्ड निकोल्स. त्याचा लेख फेब्रुवारी १८६७ च्या हार्पर्स मासिकात आला आणि सगळंच बदललं. रॉक क्रीकच्या तीन मृतांचे दहा झाले. पुढे तर वाइल्ड बिलनं शंभरावर माणसं मारली असंही छापून आलं. प्रत्यक्षात नावानिशी मोजता येतात ती हाताच्या बोटांवर. पण आता तो तिशीच्या उंबरठ्यावर देशभर ओळखला जाणारा माणूस होता. आजच्या भाषेत व्हायरल. लांब केस, झुपकेदार मिशा, महागडे कपडे, हस्तिदंती मुठी. हा लूक त्याला स्वतःलाही आवडायचा, यात शंका नाही.

याच दंतकथेवर पुढे सिनेमा उभा राहिला. विल्यम एस. हार्टनं १९२३ मध्ये, गॅरी कूपरनं १९३६ मध्ये वाइल्ड बिल पडद्यावर केला. आणि पडद्याला हवं होतं दिसायला भारी होल्स्टर. म्हणून विसाव्या शतकात ‘बुस्कादेरो’ नावाची रिग लोकप्रिय झाली. पट्ट्याचाच एक भाग खाली उतरतो, त्याला चीर पाडतात आणि त्यातून होल्स्टर लटकवतात. हॉलिवूडच्या आर्वो ओयाला नावाच्या कारागिरानं १९५० च्या दशकात होल्स्टरच्या चामड्यात धातूचं अस्तर घातलं, म्हणजे बंदूक आत असतानाच सिलिंडर मोकळं फिरेल आणि घोडा ओढता येईल. ‘गनस्मोक’ मालिकेच्या सुरुवातीला मार्शलसमोर उभा राहून दर आठवड्याला मरणारा माणूस म्हणजे हाच ओयाला. होल्स्टर बनवणाराच द्वंद्वात हरतो, हे मला भयंकर आवडतं.

बुस्कादेरो वाईट असते असं नाही. बरेच खेळाडू आनंदानं वापरतात. फक्त तिला वाइल्ड बिलचा वारसा म्हणू नका. आणि हात सरळ सोडल्यावर तळवा जिथे येतो, त्याच्या खाली मूठ गेली तर ती दिसायला कितीही कडक असो, खांदा वाकवून उपसावी लागणार.

आता येतो मी त्या भागाकडे, ज्यामुळे हा लेख लिहावासा वाटला.

१८६९ मध्ये हिकॉक कॅन्ससमधल्या एलिस काउंटीचा शेरीफ झाला, हेज सिटीत दोन माणसं मारली आणि नोव्हेंबरची निवडणूक हरला. एप्रिल १८७१ मध्ये ॲबिलीननं त्याला मार्शल नेमलं, पगार महिना १५० डॉलर. टेक्सासहून गुरांचे कळप घेऊन येणारे काउबॉय इथे महिन्यांचा पगार उधळायचे. गावात शस्त्र बाळगायला बंदी होती आणि ती अमलात आणणं हे त्याचं काम.

५ ऑक्टोबर १८७१ ची रात्र. हंगाम संपत आलेला, टेक्सन मंडळी रस्त्यावर धुडगूस घालत होती. एक गोळी झाडल्याचा आवाज आला. हिकॉक अलामो सलूनबाहेर आला तेव्हा समोर फिल को हा टेक्सन जुगारी उभा होता, हातात पिस्तूल. त्यानं सांगितलं की कुत्र्यावर झाडली. पुढच्या क्षणी दोघांनी काही फुटांवरून एकमेकांवर गोळ्या झाडल्या. कोच्या पोटात लागली, तो तीन दिवसांनी मेला. तेवढ्यात अंधारातून कोणीतरी पिस्तूल घेऊन धावत आलं. हिकॉक वळला आणि त्यानं गोळी घातली.

तो माइक विल्यम्स होता. हिकॉकचा मित्र, त्याच्याच मदतीला धावत आलेला.

देशातला सगळ्यात नावाजलेला हात, आणि त्यानं त्या रात्री उपसण्यात काहीच चूक केली नाही. हात वेगवान होता. डोळ्यांना फक्त एक सावली दिसली आणि हातानं वाट पाहिली नाही. यानंतर हिकॉकनं पुन्हा कधी कोणा माणसावर गोळी झाडल्याची नोंद नाही. डिसेंबरमध्ये ॲबिलीननं त्याला कामावरून काढलं.

काउबॉय शूटिंगचे नियम वाचताना माइक विल्यम्स सारखा डोक्यात येतो. तिथे बंदुकीच्या नळीची दिशा हीच सगळ्यात कडक बाब आहे. नळी कायम समोरच्या मैदानाकडे हवी, दोन्ही बाजू मिळून १७० अंशांच्या आत. ती माणसाकडे वळली तर बाद. म्हणून होल्स्टरचा तिरकेपणाही मोजून ठरवलेला आहे. उभ्या रेषेपासून ३० अंशांपेक्षा जास्त कललेलं चालत नाही. एक होल्स्टर उजवीकडे आणि दुसरं डावीकडे मूठ पुढे करून, ज्याला क्रॉस ड्रॉ म्हणतात, अशी रिग बऱ्याच जणांकडे असते. उजव्या हातानं दोन्ही काढता येतात, सोय मोठी. पण डावीकडून आडवी उपसताना नळी बाजूला उभ्या लोकांवरून फिरू शकते. त्यामुळे आधी पाऊल टाकून अख्खं अंग वळवायचं, मग काढायची. ही सवय अंगात मुरेपर्यंत नवख्यानं दोन्ही बाजूंना सरळ होल्स्टरं घ्यावीत, असं माझं स्पष्ट मत. वाइल्ड बिलची ती उलट्या मनगटाची स्टाइल तर नवख्यासाठी नकोच. त्यात नळी आधी स्वतःच्याच पोटाकडे फिरते.

चामड्याबद्दल थोडं, कारण पैसे तिथे वसूल होतात. झाडांच्या साली-फळांनी कमावलेलं चामडं घ्या. आपली कोल्हापुरी चप्पल बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेल्या चामड्याची असते, तीच पद्धत. असं चामडं ओलं करून बंदुकीवर दाबलं की तिचा आकार घेतं आणि वाळल्यावर तो धरून ठेवतं. क्रोमनं कमावलेलं चामडं मऊ पडतं, आकार धरत नाही. आत अस्तर असेल आणि दोन्ही थर मिळून चार मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त भरत असतील तर उत्तम. कडा उघड्या, भुरभुरत्या नकोत, चोळून गुळगुळीत केलेल्या हव्यात. शिवणीचे टाके सारखे आणि चामड्यात किंचित बुडालेले हवेत, म्हणजे घासून तुटणार नाहीत.

पट्टा साधारण अडीच इंच रुंद, वजन कमरेच्या हाडावर पसरवणारा. आणि माप जीन्सचं देऊ नका! जे कपडे घालून खेळणार ते घाला, त्यावरून जिथे पट्टा बसणार तिथेच टेप लावा. बक्कल मधल्या भोकात बसलं पाहिजे, म्हणजे दोन्हीकडे वाव राहतो. रिग नवी असताना घट्ट वाटणारच. तेलात बुडवून ती मऊ करायचा मोह होतो. तो आवरा, एकदा लुळी पडलेली रिग परत ताठ होत नाही. आणि खेळ संपला की बंदूक होल्स्टरमध्ये ठेवून विसरू नका. चामडं ओल धरतं, पोलादाला गंज येतो. पट्ट्याच्या खाचांत ठेवलेल्या पितळी काडतुसांवर हिरवं पुट चढतं ते वेगळंच.

वाइल्ड बिलला त्या खाचांची कधी फार गरज पडली नाही. त्याच्या नेव्ही कोल्टला सुटी दारू, गोळी आणि टोपी लागायची. धातूच्या काडतुसांची कोल्ट १८७३ मध्ये आली. पुढे तो बफेलो बिलच्या नाटकात स्वतःचीच भूमिका करून कंटाळला आणि त्याची नजर अधू होत गेली. ५ मार्च १८७६ ला शायेनमध्ये त्यानं सर्कस चालवणाऱ्या ॲग्नेस लेकशी लग्न केलं आणि थोड्याच महिन्यांत सोनं शोधायला डेडवुडला गेला. प्रत्यक्षात तो जास्त वेळ पत्तेच खेळायचा.

एरवी तो भिंतीला पाठ लावून बसायचा. २ ऑगस्ट १८७६ च्या दुपारी भिंतीकडची खुर्ची चार्ली रिचकडे होती. हिकॉकनं ती बदलून मागितली, रिच उठला नाही. तो दाराकडे पाठ करून बसला. जॅक मॅकॉल नावाचा माणूस मागून आला आणि त्यानं डोक्यात गोळी घातली. वय ३९. हातात एक्के आणि अठ्ठ्यांच्या जोड्या होत्या हे पुढे जगभर झालं, त्याचा भक्कम पुरावा मात्र नाही.

खाणकामगारांनी भरवलेल्या न्यायसभेनं मॅकॉलला सोडून दिलं, कारण त्यानं हिकॉकनं आपला भाऊ मारल्याचं सांगितलं. पण डेडवुड तेव्हा १८६८ च्या तहानं लाकोटा लोकांची असलेल्या जमिनीवर बेकायदा वसलं होतं, त्यामुळे तिथला निकालही बेकायदा ठरला. यँक्टनमध्ये पुन्हा खटला चालला आणि १ मार्च १८७७ ला मॅकॉल फासावर गेला. हिकॉकला १८७९ मध्ये माउंट मोरायाच्या टेकडीवर हलवलं. १९०३ मध्ये कॅलॅमिटी जेनला त्याच्या शेजारी पुरलं.